गाठोडे दुसऱ्याचे, तुरुंग आपला

बीड शहरात प्रवासी रेल्वेगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. या गाडीसाठी जिल्ह्याने कित्येक दशके वाट पाहिली. परंतु गंमत अशी की, गाडी येण्यापूर्वीच इथल्या अनेक घरांनी विमानतळ पाहिलेला होता. दसरा-दिवाळी झाली की हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात, हे या जिल्ह्याचे जुने आणि साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले स्थलांतर. त्याच्या शेजारी आता दुसरे एक स्थलांतर उभे राहिले आहे. आयटीआय झालेला वायरमन, वाहनचालक, परिचारिका, हॉटेलात काम करू पाहणारा बारावी पास मुलगा, यांच्या तोंडी दुबई, दोहा, मस्कत ही नावे अंबाजोगाई-माजलगावच्या गावांइतक्या सहजपणे येऊ लागली आहेत. मुलगा विमानात बसला की घराला धन्यता वाटते. त्याच्या बॅगेत काय आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, आणि विचारला तर लाडू किती आणि चिवडा किती एवढ्याच हिशेबाने.

हा प्रश्न का विचारला पाहिजे, याचे उत्तर एका आकड्यात आहे. परदेशांतील तुरुंगांत १०,१५२ भारतीय आहेत, अशी माहिती परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ साली संसदेत दिली. त्यांत शिक्षा झालेले आहेत तसे खटला चालू असलेलेही आहेत, आणि सर्वाधिक संख्या आखाती देशांतील तुरुंगांत आहे. या दहा हजारांत सारेच निरपराध आहेत असे कोणी म्हणणार नाही. मारामारी, फसवणूक, व्हिसाची मुदत उलटणे, अशी नाना कारणे त्यांत आहेत. परंतु अमली पदार्थांचे प्रकरण या साऱ्यांहून वेगळे, कारण या एकाच गुन्ह्यात माणूस स्वत: काही न करताही, केवळ दुसऱ्याचे ओझे हातात घेतल्यामुळे, गुन्हेगार ठरू शकतो.

मुंबईच्या एका तरुण दांपत्याची कथा या संदर्भात प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी आहे. जुलै २०१९ मध्ये हे दोघे कतारची राजधानी दोहा येथे उतरले. सहलीचा सारा खर्च नवऱ्याच्या आत्याने केला होता. लग्नाची भेट म्हणून भाचा आणि सून यांना तिने मधुचंद्रासाठी पाठविले, आणि जाता जाता एक पाकीट सोबत दिले. तिकडच्या ओळखीच्या माणसाला द्यायचे, आत जर्दा आहे, असे सांगितले. दोह्याच्या हमद विमानतळावर बॅग उघडली तेव्हा त्यातून चार किलोंहून अधिक चरस निघाला. सून त्या वेळी गर्भवती होती. कतारच्या न्यायालयाने दोघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा सुनावली, अपीलही फेटाळले गेले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्या मुलीने तुरुंगातच एका कन्येला जन्म दिला. ज्या सहलीचे फोटो आयुष्यभर घरात लावायचे, त्या सहलीतून एक बाळ गजाआड जन्माला आले.

आत्याने असे का केले, याचे उत्तर सोपे आणि म्हणूनच अधिक क्लेशदायक आहे. अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या, म्हणजे एनसीबीच्या तपासानुसार ती तस्करांच्या टोळीशी जोडलेली होती आणि टोळीला संशय न येणारे वाहक हवे होते. नवविवाहित जोडप्याहून अधिक निर्मळ चेहरा कोणता? वस्तुत: या प्रकरणातील सर्वांत भेदक गोष्ट चरस किंवा शिक्षा नव्हे, तर नाते हे शस्त्र म्हणून वापरले गेले ही आहे. परक्याने दिलेले पाकीट कदाचित उघडून पाहिले गेले असते. आत्याने दिलेले पाकीट उघडणे म्हणजे आत्यावर अविश्वास दाखविणे. आपल्याकडे एखादी सून हे धाडस करील काय?

भीड भिकेची बहीण, असे जुनी माणसे म्हणत आली. ती म्हण सहसा पैसे उसने देण्याच्या किंवा जामीन राहण्याच्या प्रसंगी आठवते. विमान प्रवासाच्या या काळात तिचा अर्थ अधिक भीषण झाला आहे. शेजारचे काका येतात, 'आमच्या बाळूसाठी एवढे औषध ने' म्हणतात. गावातील एखादा प्रतिष्ठित माणूस, ज्याने नोकरीसाठी शब्द टाकलेला असतो, तो एक सीलबंद डबा हाती देतो. मुलगा वीस वर्षांचा, पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेला. घरात मोठ्यांसमोर मान वर करून बोलायचे नाही, हे त्याला लहानपणापासून शिकविलेले. हा संस्कार वाईट आहे असे मुळीच नाही. ज्या घरांत तो उरला नाही त्या घरांची स्थिती आपण पाहतोच. परंतु या एका बाबतीत, बॅगेच्या बाबतीत, मुलाला उलट संस्कार द्यावा लागेल. 'काका, डबा उघडून दाखवा, नाहीतर नेणार नाही', हे वाक्य त्याच्याकडून घरात दहा वेळा म्हणवून घेतले पाहिजे. काका रागावले तर रागावू द्यावेत. आईवडिलांनी त्या क्षणी मुलाची बाजू घ्यावी, काकांची नव्हे. बोलायला हे सोपे वाटते. ज्या घरावर त्या काकांचे उपकार असतात, त्या घरात ते अतिशय अवघड असते.

दोह्याच्या त्या मुलीची सुटका कशी झाली, हेही सांगितले पाहिजे, कारण अशा कथांत सुटका विरळाच होते. मुलीच्या वडिलांनी हार मानली नाही. त्यांनी तक्रारअर्ज केले, एनसीबीच्या अधिकाऱ्यांना भेटले, आणि आपली मुलगी-जावई फसविले गेले असे पटवून देणारे पुरावे, ध्वनिमुद्रित संभाषणासह, पुढे ठेवले. एनसीबीने इथे, भारतात, तपास केला, आत्या आणि तिच्या साथीदारांना गजाआड केले आणि त्या तपासाची कागदपत्रे राजनैतिक मार्गाने कतारपर्यंत पोहोचविण्यात आली. जानेवारी २०२१ मध्ये कतारच्या सर्वोच्च न्यायपीठाने खटला पुन्हा चालविण्यास सांगितले. २९ मार्च २०२१ रोजी दोघे निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, तुरुंगात जन्मलेल्या लेकीला घेऊन मुंबईला परतले. पावणेदोन वर्षे गेली होती. शासनयंत्रणेवर टीका करण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. इथे तिने केलेल्या कामाचे कौतुक करणे न्याय्य आहे. मादक द्रव्य पकडणाऱ्या खात्याने परदेशात पकडल्या गेलेल्या माणसाच्या निर्दोषत्वासाठी कागद हलवावेत, ही साधी गोष्ट नव्हे.

याच्या उलट जाणारी एका बापाची कथा ऑस्ट्रेलियात घडली. एप्रिल २००५ मध्ये इंडोनेशियाच्या बाली बेटावर ऑस्ट्रेलियाचे नऊ तरुण हेरॉईनच्या तस्करीत पकडले गेले. सारे मिळून आठ किलोंहून अधिक हेरॉईन. नऊ जणांत सर्वांत लहान मॅथ्यू नॉर्मन, वय अवघे १८. त्याच्याहून वर्षभराने मोठा स्कॉट रश, वय १९. स्कॉट घरातून निघाला तेव्हाच त्याच्या वडिलांना संशय आला होता. मुलाचा हा प्रवास सरळ दिसत नाही, म्हणून त्यांनी एका वकील मित्रामार्फत ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पोलिसांना कळविले. मुलाला विमानात चढण्यापूर्वीच कोणी अडवावे, गुन्हा घडण्यापूर्वीच तो थांबावा, एवढीच त्या बापाची अपेक्षा. परंतु मुलगा निघून गेला, आणि ऑस्ट्रेलियन पोलिसांनी या टोळीविषयीची माहिती इंडोनेशियाच्या पोलिसांना दिली. तिकडे या गुन्ह्याला मृत्युदंड आहे, हे ठाऊक असताना. बाली सोडताना विमानतळावर स्कॉटच्या अंगाला बांधलेले हेरॉईन सापडले. त्याला आधी जन्मठेप, मग अपिलात फाशी, आणि २०११ मध्ये पुन्हा जन्मठेप झाली. ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने, पोलिसांनी कायदा मोडला नाही, असे म्हटले. कायदा मोडला नसेलही. पण ज्या बापाने मुलाला वाचविण्यासाठी फोन केला, त्याने पुढची वीस वर्षे कशी काढली असतील? नऊपैकी टोळीचे दोन म्होरके २९ एप्रिल २०१५ रोजी गोळ्या घालून मारले गेले. एकाचा शिक्षा भोगत असतानाच मृत्यू झाला. एक तरुणी २०१८ मध्ये शिक्षा भोगून सुटली. स्कॉट आणि मॅथ्यू यांच्यासह उरलेले पाच डिसेंबर २०२४ मध्ये मायदेशी आणले गेले. १८ वर्षांचा मुलगा ३८ वर्षांचा होऊन परतला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. स्कॉट रश निरपराध नव्हता. त्याला आपण काय नेत आहोत ते माहीत होते. त्याच्यासारख्या मुलांविषयी कळवळा दाखविणे अनेकांना रुचत नाही. 'पैशासाठी विष विकायला निघाला, भोगू दे', असे सरळ म्हटले जाते, आणि ज्या घरातील मुलगा या विषाने बरबाद झाला त्या घराच्या तोंडी हे वाक्य आले तर त्याला उत्तर देण्याचा अधिकार कुणाला नाही. तथापि एवढे तरी पाहिले पाहिजे की, या धंद्यात पकडला जातो तो नेहमी पोऱ्या. माल ज्याचा, तो विमानात बसत नाही. सिंगापूरमध्ये २७ एप्रिल २०२२ रोजी फाशी गेलेला नागेंद्रन धर्मलिंगम हा मलेशियातील तमिळ वंशाचा तरुण. २००९ साली पकडला गेला तेव्हा मांडीला बांधलेले हेरॉईन भरले ४२.७२ ग्रॅम. त्याचा बुद्ध्यंक ६९ असल्याची नोंद न्यायालयासमोर होती. सिंगापूरच्या कायद्यात १५ ग्रॅमहून अधिक हेरॉईनच्या तस्करीला मृत्युदंड आहे. बुद्धी किती, हा प्रश्न त्या मर्यादेनंतर जवळजवळ उरतच नाही. ज्याने ते पुडके त्याच्या मांडीला बांधायला दिले त्याचे पुढे काय झाले, याची चर्चा कधी झाली नाही.

कायद्याची ही बाजू घरोघरी समजलेली नाही. सामान्य माणसाची समजूत अशी की, आपल्याला माहीतच नव्हते हे सिद्ध करण्याची गरज नाही, पोलिसांनीच आपला गुन्हा सिद्ध करावा. चोरीच्या किंवा मारामारीच्या खटल्यात ही समजूत योग्य आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात ती अनेक देशांत उलटी होते. ज्याच्या ताब्यात बॅग, त्याला आतल्या मालाची जाणीव होती, असे कायदा आधीच गृहीत धरतो, आणि माहीत नव्हते हे दाखविण्याचा भार आरोपीवर येतो. सिंगापूरच्या कायद्यात हे आहे. आणि आपल्याच १९८५च्या एनडीपीएस कायद्यातही, कलम ३५ आणि ५४ मध्ये, हेच तत्त्व आहे. म्हणून परक्या देशाला क्रूर म्हणण्याआधी थोडे थांबले पाहिजे. मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवर पकडले गेलेले आफ्रिकेतील, दक्षिण अमेरिकेतील तरुण-तरुणी आपल्याही तुरुंगांत वर्षानुवर्षे जामिनाविना आहेत. 'बॅग माझी नव्हती' असे तेही म्हणतात. त्यांच्यातही कुणाची आत्या असेल.

खसखशीचे दाणे

बॅगेत चरस किंवा हेरॉईन असल्यावरच संकट येते असे नाही. मराठी स्वयंपाकघरातून ते सहज येऊ शकते. अनारसे खसखशीवर थापल्याशिवाय होत नाहीत. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत खसखस असते, कित्येक घरांच्या काळ्या मसाल्यात असते, थंडीच्या दिवसांतल्या खिरीत असते. आणि खसखस म्हणजे अफूच्या बोंडातील बी. आपल्या कायद्याने या बीला अमली पदार्थ मानलेले नाही. बोंडाचा चीक म्हणजे अफू, त्यावर बंदी. संयुक्त अरब अमिरातीत मात्र खसखस देशात आणण्यास सक्त मनाई आहे. सिंगापूरमध्येही तिच्यावर निर्बंध आहेत. दुबईत एका स्विस नागरिकाच्या कपड्यांवर खसखशीचे तीन दाणे सापडले, ते लंडनच्या विमानतळावर खाल्लेल्या पावाचे होते आणि त्यापायी त्याला कैद झाली, असे वृत्त बीबीसीने २००८ साली दिले होते. अमिरातीने २०२१च्या नव्या कायद्याने पहिल्या चुकीसाठीच्या शिक्षा बऱ्याच सौम्य केल्या आहेत, हे खरे. पण खसखशीवरची बंदी उठलेली नाही. दिवाळीच्या फराळाचा डबा मुलाच्या हाती देणाऱ्या किती मातांना हे कुणी सांगितले आहे?

मुंबईची अभिनेत्री क्रिसन परेरा हिच्या प्रकरणात हीच खसखस पुढे आली. एप्रिल २०२३ मध्ये तिला एका आंतरराष्ट्रीय वेबमालिकेच्या चाचणीसाठी शारजाला बोलाविल्याचे सांगण्यात आले आणि चाचणीत लागणारी वस्तू म्हणून एक चषक तिच्या हाती देण्यात आला. शारजात पोहोचल्यावर चाचणी नाही, हॉटेलात नावाची नोंद नाही. चषकात गांजा आणि खसखस निघाली. तीन आठवड्यांहून अधिक काळ ती शारजाच्या तुरुंगात होती. कपडे धुण्याच्या पावडरीने केस धुतल्याचे तिने तिथून लिहिलेल्या पत्रात नमूद केले. मुंबई पोलिसांनी दोघांना अटक केली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतील एका बेकरीचालकाने तिच्या आईशी कुत्र्यावरून झालेल्या भांडणाचा सूड म्हणून हा कट रचला होता, आणि अशाच रीतीने आणखी काही जणांना अडकविण्याचा प्रयत्न केला होता. एप्रिलच्या अखेरीस ती तुरुंगातून सुटली, मायदेशी यायला मात्र ऑगस्ट उजाडला. शेजारणीशी झालेल्या भांडणाचा हिशेब कुणी परक्या देशाच्या कायद्याकरवी चुकता करू शकतो, ही कल्पना कादंबरीकारालाही सुचली नसती.

खसखशीचा विषय निघाला म्हणून बीडचे एक जुने प्रकरणही आठवते. २०१२ साली परळी तालुक्यात अफूची शेती पोलिसांनी उघडकीस आणली. अफूच्या लागवडीला मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांच्या ठरावीक भागांतच केंद्र सरकार परवाना देते. महाराष्ट्रात परवानगी नाही. मसाल्याची खसखस म्हणून पेरलेले रोप कायद्याच्या दृष्टीने अफूचेच रोप असते. अज्ञान ही सबब होत नाही, हे जिल्ह्याने स्वत:च्या रानात तेव्हाच पाहिले. अलीकडे तर कारखानेच शेजारी आले. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने मेफेड्रोनचा गुप्त कारखाना पकडला, अकरा किलोंहून अधिक माल निघाला, आणि अटक झालेल्यांत एक पोलीस शिपाईही होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरात असाच मोठा साठा सापडला. मराठवाड्याला हा विषय दूरचा वाटण्याचे दिवस संपले आहेत.

फुकटची सहल

गेल्या दोन-तीन वर्षांत या धंद्याने नवी वाट धरली आहे, आणि ती कॉलेजच्या मुलांच्या दारावरून जाते. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजावरचे निर्बंध उठविले. जून २०२५ मध्ये पुन्हा नियम कडक केले, पण तोवर तिथे मातीविना पाण्यात वाढविलेल्या महागड्या गांजाचा मोठा व्यापार उभा राहिला होता. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून हा गांजा पकडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून इतक्या वरचेवर येऊ लागल्या की, आता त्या आतल्या पानावर चार ओळींत संपतात. त्या चार ओळींतील वय वाचावे. विशीतली मुले. विमानाचे तिकीट, तीन दिवस हॉटेल, समुद्रकिनारा, वर काही हजार रुपये; येताना एक बॅग आणायची. मोबाईलवरच्या ओळखीतून हा निरोप येतो. बाप दिवसभर मोंढ्यात हमाली करतो, मुलगा बँकॉकचे फोटो टाकतो. घरी सांगितलेले असते, मित्राच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो.

बँकॉकहून निघालेली हीच वाट मे २०२५ मध्ये एका १८ वर्षांच्या इंग्रज मुलीला जॉर्जिया या देशात घेऊन गेली. तिबिलिसीच्या विमानतळावर तिच्या बॅगेतून १२ किलो गांजा आणि २ किलो चरस निघाला. आपल्याला मारहाण करून, धमकावून हे ओझे दिले गेले, असे तिने न्यायालयात सांगितले. तीही गर्भवती होती. जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. अखेर कुटुंबाने पाच लाख लारी भरले, तडजोडीने शिक्षा कमी झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सुटली. पाच लाख लारी म्हणजे भारतीय चलनात दीड कोटी रुपयांहून अधिक. केज तालुक्यातील ऊसतोड मुकादमाकडून उचल घेऊन जगणाऱ्या कुटुंबाने हा आकडा कुठून आणावा? परदेशी न्यायालयात वकील करायचा, भाषांतरकार शोधायचा, भेटीसाठी व्हिसा काढायचा, यांतले पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच असे घर संपून जाते. श्रीमंताचा मुलगा अडकला तर वर्ष जाते, गरिबाचा अडकला तर जन्म जातो.

शासनाने काय करावे, याचा विचार इथूनच सुरू होतो. व्यवस्था नाहीत असे नाही. परदेशी अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे. १९६३च्या व्हिएन्ना कराराचे ३६वे कलम तेच सांगते, आणि कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानला हेच कलम दाखवून दिले. अडचणीतल्या भारतीयांसाठी वकिलातींमध्ये समाजकल्याण निधी २००९ पासून आहे, त्यातून कायदेशीर मदतही मिळू शकते. तक्रारीसाठी 'मदद' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. शिक्षा झालेल्या कैद्याला उरलेली शिक्षा मायदेशी भोगता यावी म्हणून २००३चा कायदा आहे आणि अमिराती, कतार यांच्याशी तसे करारही झालेले आहेत. प्रत्यक्षात अशा रीतीने परतणारे फार थोडे. कागद एका मंत्रालयातून दुसऱ्यात, तिथून राज्याच्या गृहखात्यात, तिथून तुरुंग विभागाकडे फिरत राहतो. या प्रत्येक टप्प्याला मुदत घालून देणे काही अशक्य नाही, आणि तशी मागणी जिल्ह्यातील खासदारांनी संसदेत लावून धरली तर ती वावगी ठरणार नाही.

परंतु सर्वांत स्वस्त उपाय बाहेर पडण्यापूर्वीचा आहे. पासपोर्टचा अर्ज भरायला माणूस येतो त्याच खिडकीवर त्याला मराठीत छापलेले एक पान मिळावे. कोणत्या देशात काय नेऊ नये, खसखस कुठे चालत नाही, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलच्या गोळ्या डॉक्टरी चिठ्ठी आणि पूर्वपरवानगीवाचून का नेऊ नयेत, अटक झाली तर पहिला फोन कुणाला, आणि भाषा कळत नसेल तर कोणत्याही कागदावर सही का करू नये. इतके पुरे. दहावी न झालेल्या कामगाराला ठरावीक देशांत जाण्यासाठी शासनाची वेगळी मंजुरी लागते; त्या मंजुरीच्या वेळी हे पान त्याला वाचून दाखविता येईल. शासनाने केले तर उत्तमच. नाही केले, तर गावोगावच्या कार्यकर्त्यांनी शाळा-महाविद्यालयांत, गणेशोत्सवाच्या मंडपात, आयटीआयच्या निरोप समारंभात हे करायला कुणाची परवानगी लागत नाही. एका फलकाचा खर्च तो किती?

आणि मुलगा खरोखरच अडकला, तर गावाने काय करावे? बहुधा होते असे की, बातमी आली त्या दिवसापासून ते घर वाळीत पडते. बहिणीचे ठरलेले लग्न मोडते. 'आम्हाला आधीच शंका होती' म्हणणारे दहा निघतात, आणि ज्याने तिकडे पाठविले तो दलाल दुसऱ्या गावात नवी मुले शोधत असतो. खरे तर त्या पहिल्या आठवड्यातच सारे काही ठरत असते. पाकीट कुणी दिले, तिकिटाचे पैसे कुणाच्या खात्यातून गेले, मोबाईलवर कोणते संदेश आले, याचा पुरावा तेव्हा ताजा असतो आणि तो इथे, भारतात असतो. लाजेपोटी घराने दार लावून घेतले तर तो पुसला जातो. दोह्याच्या प्रकरणात मुलीच्या बापाने दार उघडे ठेवले, म्हणून फोनवरचे संभाषण तपास यंत्रणेच्या हाती लागले. पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत जाणारी दोन वजनदार माणसे मिळाली, तर खेड्यातील बापालाही हे करता येईल. हे काम कार्यकर्त्याचेच आहे, आणि ते करताना मुलगा दोषी की निर्दोष याचा निकाल आधी लावण्याचे कारण नाही. तो निकाल न्यायालय देईल. कागद मात्र घरातूनच जावे लागतील.

या साऱ्याचा आरंभ प्रवासाच्या आदल्या रात्री, घराच्या ओसरीवर होऊ शकतो. बॅग पूर्ण रिकामी करावी, सारे सामान चादरीवर मांडावे आणि मुलाने स्वत:च्या हाताने, एकेक वस्तू पाहून, ती पुन्हा भरावी. दुसऱ्याची वस्तू असेल तर ती त्याच्यादेखत उघडावी किंवा परत पाठवावी. कुलूप लावल्यावर त्या बॅगेला कुणी हात लावू नये. दुबईला निघालेल्या डब्यातील अनारसे यंदा खसखशीविना, नुसत्या साजूक तुपात तळावेत. चव थोडी उतरेल, एवढेच.